ताई, तेच ते

चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे हा प्रवास कशासाठी केला ते वेगळं सांगावं लागणार नाही.

मी कराडच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. उसाचा रस, चुन्याची निवळी, गंधकाचा धूर यांत सत्तावीस वर्षं गेली. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. मुलीच्या शिक्षणासाठी बायको पुण्याला राहायला गेली. शिक्षण संपलं, मुलगी नोकरीला बंगळूरला गेली, तरी बायको पुण्यातच राहिली. भांडण वगैरे काही झालं नाही. फोन होतो. गॅस नोंदवला का, गोळी घेतली का, एवढं बोलणं होतं.

संध्याकाळी बोलायला कोणी नाही म्हणून मी ब्लॉग सुरू केला. ‘चिमूटभर रसायन’ हे त्याचं नाव. केमिकल म्हटलं की लोक दचकतात, ती भीती घालवायची हा हेतू. पाणीही केमिकल, मीठही केमिकल, असं मी लिहायचो. पंधरा-वीस जण वाचायचे.

चार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने मुंबईच्या बहिणीकडून आलेलं उडदाच्या पापडाचं पाकीट मला दिलं. वर लेबल होतं, ‘पंचफुला घरगुती पापड. १०० टक्के केमिकलमुक्त.’ खाली घाटकोपरचा पत्ता आणि मोबाईल नंबर. मला आयता विषय मिळाला. लेबलाचा फोटो पत्त्यासकट टाकला आणि लिहिलं की पापडात पापडखार असतो, पापडखारात सोडियम कार्बोनेट असतं, आणि सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. मग हा पापड केमिकलमुक्त कसा? पुढे मी असंही लिहिलं होतं, की म्हणून घाबरू नका, पापड खुशाल खा. पण पुढचं कोण वाचतं? कोणीतरी लेबल आणि तेवढंच अर्धं वाक्य कापून घेतलं, वर ‘सावधान’ लिहिलं आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिलं. ज्या भीतीविरुद्ध मी लिहीत होतो, ती माझ्याच वाक्यावर बसून घरोघर गेली.

मला ते कळलं होतं. ब्लॉगवर एकदम हजारो लोक येऊ लागले आणि मला आनंद झाला, हेही लिहितो.

मग एके दिवशी खाली कॉमेंट आली. ‘सर माज्या पापडात धुन्याचा सोडा नाही. खार आहे. पंचफुला.’ मी उत्तर दिलं, ‘ताई, तेच ते.’ पुढे हसरा चेहरा. दोन दिवसांनी दुसरी कॉमेंट आली. ‘सर फोटो तरी काढा. लोक फोन करून हसतात.’

मी कॉमेंट काढल्या. फोटो ठेवला.

यंदा गाळप हंगाम संपल्यावर वसाहतीतल्या एका वहिनींनी मला मोबाईल दाखवला. “भाऊजी, तुम्ही केमिस्ट ना, हे खरं का हो?” तेच लेबल, तोच ‘सावधान’. चार वर्षं फिरून माझ्याच दारात आलं होतं. मी त्या नंबरवर फोन लावला. नंबर बंद होता. पोस्ट पुसून टाकायला ब्लॉग उघडला आणि हात थांबला. एकदा पुसून सुटलो होतो. आता पुन्हा पुसलं असतं तर पुन्हा सुटलो असतो. मग बॅग भरली.

घाटकोपर, शनिवारी दुपारी

घाटकोपरची ती वस्ती डोंगराला धरून वर चढत जाते. रिक्षावाल्याने एका वळणावर सोडलं. “आगे गाडी नहीं जायेगी, काका, सीढी पकडो.” आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. इथे कोणी काहीच विचारलं नाही. पायऱ्या चढताना माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं वाटेतल्या खांबाला टाळावं तशी निघून जात होती. मला ते बरंच वाटलं. खांबाला कोणी जाब विचारत नाही.

लेबलावर ‘परब किराणाच्या मागे’ असं होतं. परब किराणा होतं, मागे मात्र काही नव्हतं. निळे पत्रे ठोकलेले आणि त्यांच्या फटींतून दिसणारा खड्डा. चाळ पाडून तिथे इमारत होणार होती. गल्ल्यावर साठीचे, बनियनवर बसलेले परब होते.

“कोण व्हया तुमका?”

“पंचफुलाताई. पापडवाल्या.”

“पंचफुला? ती आता हय रवणा नाय. चाळ पाडली मा. खयसून इलात?”

“कराडहून.”

“सोयरे काय?”

इथे खरं सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच तर आलो होतो. मी म्हणालो, “हो. म्हणजे, लांबचे.”

सोयरा म्हटल्यावर परबांनी स्टूल दिलं, फ्रिजमधली कोकम सरबताची बाटली फोडली आणि स्वतःहून बोलू लागले. त्यांच्या घरातलं आधीच्या पिढीत गिरणीत कोण होतं, गावच्या घराची कौलं कोण शाकारतं, इथपर्यंत सगळं. मी मध्येच विचारलं, “त्या पापडखार तुमच्याकडूनच घ्यायच्या का?”

त्यांनी मान वर केली. सर्वांत वरच्या फळीवर हिंगाच्या डब्यांशेजारी पापडखाराच्या पुड्या होत्या. “खार थय वर. आणि धुवचो सोडो खाली, साबणाबरोबर. एका फळयेर ठेवलंय तर बायल माका दुकानात घेवची नाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण तुमच्याच भागातलो कोणतरी शाणो मास्तर होतो. मोबाईलार लिवल्यान, दोनय एकच म्हणान! एक खावचो, एक धुवचो. आमच्या गावच्या म्हशीकय कळता ता.”

मी बाटली खाली ठेवली.

“मग काय झालं?”

“काय होतला? त्या समोरच्या सोसायटीत हिचे पापड घरोघर जायत. बायका म्हणूक लागली, सोड्यावाली इली, सोड्यावाली इली. दिवाळीपर्यंत सगळा बंद. मी तिका म्हटलंय, माझ्या दुकानात ठेव. तर नको म्हणाली. तुमचा नाव खराब होतला म्हणे.”

मी बसल्या जागी फळ्यांकडे पाहत राहिलो. शिकलेल्या माणसाने जे लिहायला हवं होतं ते त्या फळ्यांवर मांडलेलं होतं. खाण्याच्या पदार्थाची शुद्धता वेगळी, धुण्याच्या मालाची वेगळी. नाव एक असलं तरी बरोबर येणारा कचरा वेगळा. हे मला चार वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं असं नाही. ते लिहिलं असतं तर गंमत गेली असती.

परबांनी तोवर फोन लावला होता. “रेश्मा, तुमच्या गावचे पाव्हणे इलेत गो. होय, सोयरे. आवशीक सांग.” फोन ठेवून मला म्हणाले, “तिचा चेडू रेश्मा अंधेरीक कामाक आसा. मेट्रोने जावा. स्टेशनार घेवक येतली.”

माझं खोटं माझ्याआधी अंधेरीला पोचलं.

अंधेरी, शनिवारी संध्याकाळी

मेट्रो गार होती. खिडकीतून खाली निळ्या ताडपत्र्या टाकलेली छपरं, मग काचेच्या इमारती, मग पुन्हा छपरं. विमान इतकं खालून गेलं की त्याची चाकं दिसली. डब्यात मी सोडून कोणी वर पाहिलं नाही.

जिन्याखाली एक विशी ओलांडलेली मुलगी उभी होती. गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात केळ्यांचा घड. मला पाहून हसली आणि थेट माझ्या बॅगेला हात घातला.

“मामा ना? द्या इकडे. मम्मी दुपारी परबकाकांचा फोन आल्यापासून डोकं खातेय, कुठला मामा, कुठला मामा. आपलं तर सगळं जालन्याकडे. कराडला कोणीच नाही म्हणते.”

“कोणीच नाही,” मी म्हणालो. “मी मामा नाही.”

तिचा हात बॅगेवरच राहिला. रस्त्याकडेच्या उडप्याकडे बसलो, चहा मागवला आणि मी सांगितलं. ब्लॉग, लेबल, दोन कॉमेंट, सगळं. ती ऐकत असताना केळ्यांचा घड तिने टेबलावरून उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“ते लेबल मी केलं होतं,” ती म्हणाली. “बारावीत होते. सायबरमध्ये बसून. केमिकलमुक्त पण मीच टाकलेलं. मम्मी म्हणत होती, नुसतं घरगुती लिही.”

“का टाकलंस?”

“का म्हणजे? सगळ्यांच्या पाकिटावर असतं म्हणून! मला वाटायचं, केमिकल म्हणजे जे आपल्या घरात नसतं ते.”

दहा वर्षं मी लोकांना केमिकल म्हणजे काय ते शिकवत होतो. लोक त्या शब्दाने काय म्हणतात हे मला पहिल्यांदा कळलं. त्यांना अणू-रेणूंचं बोलायचंच नसतं. ज्याची ओळख नाही, जे कुठून आलं माहीत नाही, त्याचं ते नाव आहे. आणि पापडखाराची ओळख त्या बाईच्या घरात रोजची होती.

“मी आता कुठे कामाला आहे माहितीये?” रेश्मा म्हणाली. “एमआयडीसीत. फेसवॉश, क्रीम. प्रत्येक बाटलीवर आम्ही केमिकल फ्री छापतो. अशा कुठल्या कंपनीच्या लेबलाचा फोटो टाकलात का कधी?”

“नाही.”

“का?”

“नोटीस येईल म्हणून.”

“मग ठीक आहे ना. आमच्याकडून नोटीस येणार नव्हती.” तिने चहा तसाच ठेवला आणि उठली. “मम्मीला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा. उद्या सकाळी दिंडोशीला या. आठ वाजता, लेट करू नका, ऊन वाढलं की ती कोणाचं ऐकत नाही.” पत्ता माझ्या मोबाईलवर टाकून ती निघाली. चार पावलं गेल्यावर परत आली आणि घडातली दोन केळी तोडून टेबलावर ठेवली. “मामासाठी आणली होती,” एवढंच म्हणाली.

त्या केळ्यांनी मला जेवढं लाजवलं तेवढं शिव्यांनी लाजवलं नसतं.

लॉजची खोली जेमतेम पलंगाएवढी होती. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर दुसरी भिंत. बायकोला फोन केला.

“मुंबईत? कशाला?”

“कामानं.”

“बरं. गोळी घेतलीस?”

“घेतली.”

मला तिला सगळं सांगायचं होतं. पण गेल्या कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांना असं काही सांगितलेलं नव्हतं, आणि सुरुवात कुठल्या शब्दाने करतात ते आठवेना. तिने थोडा वेळ वाट पाहिली असावी. मग म्हणाली, “ठेवते.” मी केळी खाल्ली आणि उद्या काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं. दोन पानं झाली.

दिंडोशी, रविवारी

इमारत नवी, पण जिन्यात रंगाचे पोपडे. गच्चीला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे, आणि पापड घालायचे तर सोसायटीच्या वहीत सही करावी लागते. आमच्या वसाहतीत पापड म्हणजे चार घरच्या बायका, कोणाच्याही अंगणात, कोणाचंही लाटणं. इथे सही करून ऊन मिळत होतं.

गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर ओळीने पापड. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक बारीक, पन्नाशीची बाई लाटत होती. उन्हासाठी साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, चष्मा दोरीने बांधलेला.

“जय भीम,” त्या म्हणाल्या.

“जय भीम,” मी म्हणालो.

“रेश्मा म्हनली, मामा न्हाई, पन भेटायचंय. बसा सावलीला. रेशमे, पानी दे गं. माझ्या हाताला पीठ हाय.”

दोन पापड होईपर्यंत मी त्यांचं लाटणं पाहत बसलो. शेजारी पातेल्यात मीठ आणि खार घालून उकळलेलं पाणी निवत ठेवलं होतं. त्यांनी ते हलकेच कलतं केलं, वरचं नितळ पाणी पिठासाठी काढून घेतलं आणि तळाशी राहिलेलं गच्चीच्या कोपऱ्यातल्या मोरीत ओतलं.

“ते का टाकलंत?” मी विचारलं.

“कचरा बसतो खाली. खार कितीबी चांगला घ्या, थोडा कचरा ऱ्हातोच. वरचंच घ्यायचं.”

सत्तावीस वर्षं मी कारखान्यात हेच करतोय. गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ घ्यायची. या बाईला मी ‘तेच ते’ म्हणालो होतो.

“पंचफुलाताई,” मी म्हणालो, “ब्लॉगवर ते लिहिणारा मी.”

लाटणं थांबलं नाही. त्यांनी तो पापड पुरा केला, उचलला, साडीवर नीट पसरला. मग माझ्याकडे पाहिलं. “सोड्याचं?”

“हो.”

मी वही काढली आणि वाचायला लागलो. “तांत्रिकदृष्ट्या पाहता सोडियम कार्बोनेटचे दोन दर्जे असतात, त्यापैकी खाद्य दर्जाच्या...”

“सर,” रेश्मा म्हणाली, “आता तरी सोडा सोडा.”

आधी पंचफुलाताईच हसल्या. शर्टाच्या बाहीने चष्मा वर सारून हसल्या. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “मला लई बोलता येत न्हाई. पन तवा एक सुचलं व्हतं, ते लिवायचं राहून गेलं. पानी बी तेच ते ना, सर? नळाचं बी, नाल्याचं बी?”

मी वही मांडीवर पालथी ठेवली.

“एक इचारू? खरं सांगा.”

“विचारा.”

“पापड कसा व्हता?”

सोसायटीतल्या बायका, बंद झालेलं काम, ‘सोड्यावाली’, या सगळ्याचं उत्तर मी आणलं होतं. या प्रश्नाचं नव्हतं. पाकीट मिळालं त्या दिवशी मी एक पापड चुरून पाण्यात टाकला होता आणि त्यात लाल लिटमस कागद बुडवून तो निळा होतो याचा फोटो काढला होता. बाकीचे टेबलाच्या खणात राहिले, त्यांना मुंग्या लागल्या, मी फेकून दिले.

“मी खाल्लाच नव्हता,” मी म्हणालो.

गच्चीवर नुसतं ऊन होतं. खालून कुठून तरी कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

“आस्सं,” त्या म्हणाल्या. “अन् मी चार वर्सं म्हनत व्हते, त्या मानसाला आवडला नसंल. मिरी जास्त पडली का, खार चढला का. कायतरी चुकलं असंल म्हनून रागवला असंल.”

रेश्मा तोंड फिरवून टाकीच्या पलीकडे गेली.

पंचफुलाताईंनी परातीतल्या गोळ्याची एक लाटी तोडली, वाटीतल्या तेलात बुडवली आणि माझ्यापुढे धरली. आमच्याकडेही लहानपणी पापडाच्या दिवशी अशा लाट्या मिळायच्या. आई मोजून देत असे, पोट दुखेल म्हणून. मी खाल्ली. आधी उडदाचा चिकट गोडवा, मग मिरी, मग हिंग, आणि शेवटी जिभेच्या कडेला खाराची बारीकशी चव. तिथेच थांबलेली, पुढे न गेलेली.

“खार बरोबर आहे,” मी म्हणालो.

“म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या आणि पुढचा गोळा घेतला.

मी वही मिटली. “ताई, माफी मागायला आलो होतो.”

“मला नका सांगू. मला समजलं. हितं ह्या टाकीला सांगून काय फायदा? जिथं घातलं, तिथनंच काढा.”

मी मोबाईलवर ब्लॉग उघडला. आधी लेबलाचा फोटो काढून टाकला. मग सगळ्यांत वर त्यांच्या दोन्ही कॉमेंट लिहायला घेतल्या. रेश्मा मागे येऊन उभी राहिली होती. “डिलीट केल्या होत्या ना? मग मिळाल्या कुठून?”

“पाठ आहेत.”

ती वाकून वाचू लागली. मग बोटाने स्क्रीन दाखवून म्हणाली, “ते ‘माज्या’ नाही, ‘माझ्या’ करा. आणि ‘धुण्याचा’. परत हसतील लोक.”

“असू दे,” पंचफुलाताई लाटता लाटता म्हणाल्या. “मी लिवलं तसंच ऱ्हाऊ दे.”

ते फिरतं ‘सावधान’ मला कधीच गाठता येणार नाही. ते आत्ताही कुठल्यातरी स्वयंपाकघरात उघडत असेल. पण माझं पान माझ्या हातात होतं. लिहून झाल्यावर रेश्माने आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आई “हां” म्हणाल्यावरच मी ते ब्लॉगवर टाकलं. ते असं आहे.

‘सर माज्या पापडात धुन्याचा सोडा नाही. खार आहे. पंचफुला.’

‘सर फोटो तरी काढा. लोक फोन करून हसतात.’

‘ताई, तेच ते नाही. तुमचं बरोबर होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. तुमचं म्हणणं मी पुसलं, फोटो ठेवला. तुमचा पापड न खाताच त्याच्याबद्दल लिहिलं. आज लाटी खाल्ली. खार बरोबर आहे. माझं चुकलं. मला माफ करा.’